बुटीबोरीची अंगणे आणि आश्विनातली कामे

नागपूरहून वर्धेच्या रस्त्याने निघालात की तीस किलोमीटर व्हायच्या आत बुटीबोरी लागते. येथे वाट दुभंगते. एक वाट केळझर, सेलूवरून वर्धेला जाते, तर दुसरी जाम, हिंगणघाटवरून पुढे थेट हैदराबादेकडे धावते. आगगाडीचेही तसेच आहे. नागपूरपर्यंत रूळ आले ते १८६७ साली, या भागातला कापूस मुंबईच्या बंदरात नेण्यासाठी. त्या रुळांवरचे हे स्टेशन. आणि उमरेडकडे जाणारा फाटाही येथूनच फुटतो. असे हे जाणाऱ्या-येणाऱ्यांचे गाव. बहुतेक प्रवासी ते मोटारीच्या खिडकीतूनच पाहतात आणि पुढे जातात.

पण वाचकहो, तुम्ही कधी दसऱ्याच्या आगेमागे या वाटेने गेलात तर येथे उतरा. मोठा रस्ता सोडा, दुकाने आणि हॉटेले मागे टाका आणि जुन्या गावठाणात शिरा. बुटीबोरीत नाही तर आसपासच्या एखाद्या खेड्यात शिरा. पाऊस ओसरलेला असतो, ऊन कडक झालेले असते आणि घरोघरी एकच काम चाललेले दिसते. कोणी अंगणातले गवत खुरपते आहे, कोणी खड्ड्यांत मुरूम टाकते आहे, कोणी भिंतीला माती लिंपते आहे. चार महिने पावसाने नेलेले अंगण लोक पुन्हा घडवीत असतात.

ते कसे घडवतात आणि का घडवतात, हेच आज तुमच्याशी बोलायचे आहे.

काळी आणि पांढरी

गावाचे मूळ नाव बोरी. नागपूरच्या बुटी घराण्याची येथे मालगुजारी होती, म्हणून बुटींची बोरी ती बुटीबोरी, असे सांगतात. शिर्डीला ज्या वाड्यात साईबाबांची समाधी आहे, तो वाडा बांधणारे गोपाळराव बुटी याच घराण्यातले.

आपल्या जुन्या लोकांनी जमिनीचे दोन भाग केले होते. पिकते ती काळी आणि माणसे राहतात ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्या चुलींची राख, पडलेल्या भिंतींची माती, गोठ्यातले शेण एका जागी साठत गेले की त्या जागेचा रंगच पांढुरका होतो. जुन्या वस्तीचा शोध घेणारे संशोधकही आधी अशी पांढरी माती कुठे आहे ते पाहतात. बुटीबोरीजवळच टाकळघाट आहे. तेथे आणि शेजारच्या खापा येथे १९६८ साली नागपूर विद्यापीठाने डॉ. शांताराम भालचंद्र देव यांच्या देखरेखीखाली खोदकाम केले. लोखंड वापरणाऱ्या फार जुन्या माणसांची वस्ती आणि त्यांची दगडी वर्तुळे तेथे सापडली. म्हणजे या मुलखातला माणूस दोन-अडीच हजार वर्षांपासून काळीत पिकवतो आणि पांढरीत राहतो आहे.

१९९० नंतरच्या दहा वर्षांत मात्र येथे मोठा पालट झाला. औद्योगिक विकास महामंडळाने बुटीबोरीला कारखान्यांसाठी विस्तीर्ण क्षेत्र उभे केले. शेते संपादनात गेली. धाग्याचे, लोखंडाचे, यंत्रांचे कारखाने आले. रोजगार आला, बाहेरगावची माणसे आली, भाड्याच्या खोल्या झाल्या, जागेला भाव आला. हे वाईटच झाले असे कोणी म्हणणार नाही. ज्या घरातला मुलगा कारखान्यात लागला, त्या घरची चूल त्यावर चालते. पण ज्यांची काळी गेली, त्यांच्याजवळ आता पांढरीच उरली आहे. घर आणि घराभोवतीची चार हात जागा. तेवढीच माती आता त्यांची स्वतःची आहे.

म्हणून येथल्या अंगणाकडे नीट पाहावे. भाड्याची आणखी एक खोली काढावी, नाही तर सगळीकडे सिमेंट ओतून मोकळे व्हावे, हा मोह प्रत्येक घराला होतो. तुमच्याही गावाजवळून उद्या मोठा रस्ता जाईल, प्लॉट पडतील, आणि हाच प्रश्न तुमच्या दारात येईल. अंगण राखायचे की नाही, हे ठरवण्याआधी अंगण काय काय करते ते ध्यानात घ्या.

छप्पर नसलेली खोली

शेतकऱ्याच्या घरातली सर्वांत मोठी खोली म्हणजे अंगण. तिला छप्पर नाही, एवढेच. पावसाळ्याचे चार महिने ती बंद असते आणि आश्विनात उघडते. मग जूनपर्यंत घरातली निम्मी कामे तेथेच होतात. सोयाबीन वाळवायचे तेथे, तूर झोडायची तेथे, पापड-कुरडया घालायच्या तेथे, मिरची पसरायची तेथे. पाहुणा आला तर बाज टाकायची तेथे. म्हाताऱ्या माणसाने सकाळचे ऊन घ्यायचे तेथे आणि पोरांनी अभ्यासाला बसायचे तेही तेथेच.

घरामागचा परस, इकडे त्याला सांदवाडी म्हणतात, ती त्याच खोलीची मागली बाजू. न्हाणी, भांडी घासायची जागा, सरपण, गोवऱ्या, दोन वेल आणि चार वांग्यांची झाडे. नागपूरचा संत्रा आज जगभर ठाऊक आहे. तोही नागपूरकर भोसल्यांनी औरंगाबादेकडून आणून आधी आपल्या परसबागेत लावला आणि मग तो शेतात गेला, असे सांगतात. परसाला कमी लेखू नये.

आधी गवत काढा, पण जपून

नागपूर भागात पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परततो. तोवर भिंतींच्या कडेला तरोटा, आघाडा, गाजरगवत कमरेएवढे वाढलेले असते. पहिले काम ते काढण्याचे.

हे काम केवळ नीटनेटके दिसावे म्हणून करायचे नाही. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफस नावाच्या तापाची साथ आली होती आणि तिच्यात माणसे दगावली. हा ताप गवतातल्या अगदी बारीक किड्यामुळे होतो. किडा डोळ्यांना दिसत नाही आणि चावला तरी कळत नाही. उंच गवत, झुडपे आणि उंदरांची बिळे जेथे, तेथे तो राहतो. चावल्यानंतर आठ-दहा दिवसांनी कडक ताप येतो, डोके दुखते, अंग मोडून येते. पुष्कळदा चावलेल्या जागी, काखेत, जांघेत किंवा कमरेला, विडीचा चटका बसावा तशी काळी खपली दिसते. ही खूण दिसली, किंवा गवतात काम केल्यावर ताप आला, तर अंगावर काढू नका. डॉक्टरांना गवतात काम केल्याचे आवर्जून सांगा. वेळेवर कळले तर यावर औषध आहे आणि ते महागही नाही. उशीर झाला तर मात्र जिवावर बेतते.

तेव्हा गवत काढताना अंगभर कपडे घाला, पायजमा मोज्यात खोचा, हातांना फडके गुंडाळा. कापलेल्या गवतावर बसू नका, धुतलेले कपडे झुडपांवर वाळत घालू नका. काम संपले की साबण लावून गरम पाण्याने आंघोळ करा आणि कामाचे कपडे त्याच दिवशी धुवायला टाका. लहान मुलांना या कामाला लावू नका.

गाजरगवत फुलायच्या आत मुळासकट उपटावे. काढलेले गवत पेटवू नका, त्याचे खत करा. आपल्या विदर्भातल्याच पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे, ज्यांना सारे नाडेपकाका म्हणत, त्यांनी यासाठी सोपी रीत घालून दिली आहे. भिंतीत मोकळी भोके ठेवून विटांचे टाके बांधायचे, लांबी १० फूट, रुंदी ६ फूट आणि उंची ३ फूट. त्यात काडीकचरा, थोडे शेण आणि माती असे थर द्यायचे, पाणी शिंपडायचे आणि वरून लिंपून घ्यायचे. थोड्या शेणात पुष्कळ खत होते आणि साडेतीन-चार महिन्यांत ते तयार होते. दसऱ्याला भरलेले टाके माघात उघडता येते. बी धरलेले गवत मात्र त्यात घालू नये.

जमीन कशी करावी

या भागात काळी माती फार. पाणी प्याली की ती फुगते आणि वाळली की भेगाळते. नुसत्या काळ्या मातीवर सारवण टिकत नाही. चार दिवसांत पोपडे उडतात. म्हणून जुनी माणसे अंगणाला मुरमाचा थर देत. सांगायला सोपे आहे, पण वेळ साधावी लागते. जमीन चिखलाची नको आणि दगडासारखी कडकही नको. पेरणीला जसा वाफसा पाहता, तसाच येथे पाहावा.

आधी वरची शेवाळलेली, भुसभुशीत माती फावड्याने ओढून घ्या. ती फेकू नका, परसातल्या वाफ्यांना ती चांगली. मग उतार पाहा. घराकडून बाहेर पाणी गेले पाहिजे. दहा फुटांना दोन इंचांचा उतार पुरे. बाजेला तो जाणवत नाही आणि पाणी मात्र थांबत नाही. आता चार बोटे मुरूम पसरा, पाणी शिंपडा आणि रात्रभर मुरू द्या. सकाळी धुम्मसाने ठोका. दोन दिवस असे ठोकल्यावर बारीक माती आणि कुटार कालवून त्याचा पातळ थर द्या, आणि तो ओलसर असतानाच चोपून घ्या. वाळताना ज्या भेगा पडतील त्या त्याच मातीने बुजवा. शेवटी शेणाचा सडा आणि सारवण. शेणातले बारीक तंतू माती धरून ठेवतात आणि धूळ उडत नाही. पुढे आठवड्यातून एकदा सारवले की उन्हाळ्यापर्यंत काळजी नाही.

सिमेंटचे अंगण धुवायला सोपे, हे खरे. सोयाबीन वाळवायलाही ते बरे. पण वैशाखात तेच तव्यासारखे तापते आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. नागपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा याची किंमत कळते. शिवाय पावसाचे पाणी जमिनीत मुरत नाही. ते शेजाऱ्याच्या दारात जाते आणि भांडण आणते. ज्यांना सिमेंट हवेच, त्यांनी वाळवणापुरते एका बाजूला करावे आणि बाकी माती ठेवावी.

सांडपाणी, लाकूड आणि मण्यार

परसात न्हाणीचे पाणी साचले की डास झालेच. शोषखड्डा करताना एक ध्यानात घ्या. काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही, म्हणून खड्डा खाली मुरूम लागेपर्यंत न्यावा आणि मग दगडगोट्यांनी भरावा. जागा असेल तर न्हाणीचे पाणी केळीला आणि अळूला द्यावे, ते त्याहून बरे. डेंगूचा डास मात्र स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवसच लागतात. जुने टायर, फुटकी मडकी, नारळाच्या करवंट्या आश्विनात एकदा उचलून टाका आणि पाण्याचे रांजण, टाक्या आठवड्यातून एकदा कोरड्या करा.

मांडवाचे खांब हलवून पाहा. चार महिने ओल्या मातीत उभे असलेले लाकूड वाळवी खालून पोखरते आणि वरून ते धड दिसते. नवा खांब रोवायचा तर त्याचे जमिनीत जाणारे टोक आधी आगीवर करपवून घ्यावे आणि डांबर लावावे. तुराट्या-पऱ्हाट्यांचे आणि गोवऱ्यांचे ढीग भिंतीला चिकटून रचू नका. खाली दगड किंवा ओंडके घालून ते उंचावर आणि झोपण्याच्या जागेपासून दूर ठेवा. ढिगाखाली उंदीर येतात, उंदरांच्या मागे साप येतात.

मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचा दंश फार दुखत नाही, कित्येकदा खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते. अशा वेळी मांत्रिकाकडे किंवा झाडपाल्यात वेळ घालवू नये, तडक सरकारी दवाखाना गाठावा. आणि मुळात खाली झोपूच नये. बाजेवर झोपावे, मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचावी. एवढ्याने डासही टळतात आणि मण्यारही.

अंगण कशासाठी जिवंत ठेवायचे

एवढी मेहनत केल्यावर अंगण वापरले पाहिजे. आमच्या विदर्भात त्याची सुरुवात मुली करतात. भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई बसतात. मातीचे शंकर-पार्वती, म्हणजे भुलोबा आणि भुलाबाई, मांडून महिनाभर संध्याकाळी मुली या घरून त्या घरी जातात, टिपऱ्या घेऊन गाणी म्हणतात आणि खिरापत ओळखण्यासाठी डबा कानाशी वाजवून पाहतात. काही घरी पूर्ण महिना, काही घरी शेवटचे पाच दिवस. कोजागिरीला ज्वारीच्या पाच धांड्यांची खोपडी करतात, तिच्यात भुलाबाई ठेवतात आणि दूध आटवतात. हे सारे अंगणातच होते. दोन खोल्यांच्या बंद घरात पंधरा मुली मावतील कशा? ज्या आळीत अंगणे गेली, त्या आळीत भुलाबाईची गाणीही हळूहळू थांबली. कोणी ती बंद पाडली नाहीत. बसायला जागा राहिली नाही.

दसऱ्याच्या आसपास या रस्त्याला वेगळीच गर्दी असते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि दोन दिवसांनी, १६ तारखेला, चंद्रपूरला दीक्षासोहळा झाला. तेव्हापासून चंद्रपूर, वर्धा, यवतमाळकडची माणसे दरवर्षी याच वाटेने दीक्षाभूमीला जातात. वाटेवरच्या गावांत ज्यांचे नातलग आहेत ते रात्रीपुरते थांबतात. वीस माणसे आली तरी मोकळे अंगण त्यांना सामावून घेते.

मग कापसाचा पहिला वेचा येतो, त्याआधी शेतात सीतादही होते. दिवाळीत पाडव्याला शेणाचा गोवर्धन अंगणात बसतो. कार्तिकात तुळशीचे लग्न लागते आणि अंगणाला मांडव चढतो. पुढे थंडी पडली की शेकोटी. ती कापसाच्या आणि वैरणीच्या ढिगापासून लांब, वाऱ्याची दिशा पाहून करावी, आणि उठताना पाणी टाकून विझवावी.

परसातले वाफे दसऱ्यापूर्वी तयार ठेवा. मेथी, पालक, सांबार, मुळा, लसूण यांना हेच दिवस चांगले. कुंपणावर वाल सोडा. दहा बाय दहा हातांच्या तुकड्यात घरापुरती हिरवी भाजी थंडीभर निघते. ज्यांची शेते कारखान्यांत गेली, त्यांच्या घरातली पोरे निदान या वाफ्यांत तरी माती हातात धरतील, बी कसे रुजते ते पाहतील.

पुढे सेवाग्रामला जा

बुटीबोरीहून वर्धेची वाट धरलीत तर सेवाग्रामला अवश्य थांबा. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजी तेव्हाच्या शेगावात राहायला आले. घराचा खर्च पाचशे रुपयांच्या वर जाऊ नये आणि सामान व कारागीर जवळपासचेच असावेत, असा त्यांचा आग्रह होता. माती, बांबू, लाकूड आणि कौले. खोल्या लहानच, पण मधले मोकळे पटांगण मोठे, स्वच्छ आणि सारखे केलेले. प्रार्थना त्या उघड्या पटांगणात होई आणि आजही तेथेच होते. देशातली मोठमोठी माणसे त्या जमिनीवर बसून बोलली. पाहून आलात की आपल्या अंगणाविषयी मनात कमीपणा राहणार नाही.

एका रविवारचे काम

हे सारे एका दिवसात होत नाही, पण सुरुवात एका रविवारी होते. पहिल्या रविवारी गवत आणि साचलेले पाणी. दुसऱ्या रविवारी मुरूम आणि चोपण. तिसऱ्या रविवारी मांडव, सरपण आणि वाफे. घरातल्या प्रत्येकाने एक काम उचलावे. सडा-सारवण बायकांचे आणि बाकी कोणाचेच नाही, ही रीत सोडून द्यावी. धुम्मस पुरुषांनी उचलावे, पाणी मुलांनी आणावे, उतार कसा असावा ते आजोबांनी सांगावे. आजी तर सारवणाचा हात कसा फिरवायचा ते बाजेवर बसूनच शिकवील.

कोजागिरीला सारवलेल्या अंगणात सतरंजी टाका, दूध आटवायला ठेवा आणि शेजारच्या घरी निरोप द्या. ज्यांच्याकडे आता अंगण उरले नाही, त्यांना आधी बोलवा.